वजन काढायचं काम

सकाळी ८.१०

सांगली-कोल्हापूर रस्ता, हातकणंगल्याच्या अलीकडं. डांबराच्या कडेला उसाच्या चार ट्रॉल्या दांड्या जमिनीला टेकवून उभ्या आहेत. दोन दुरुस्तीच्या, दोन नव्या, अजून नुसते सांगाडे. ऑगस्ट संपत आलाय. कारखान्यांची धुराडी पेटायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडेल. तोवर ट्रॉलीवाल्यांना घाई नाही आणि मेस्त्रींच्या हाताला पुरेसं काम नाही.

शटर वर जातं. शेडच्या मधोमध ट्रॉलीसारखंच काहीतरी उभं आहे, पण ट्रॉलीच्या पोटात मावेल एवढं. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, पाच फूट उंच. रेड ऑक्साइड मारलेला पाइपांचा पिंजरा. खाली छोट्या हत्तीची दोन चाकं, पुढं दोन बाजूंनी येऊन एका टोकाला मिळणारी दांडी. हा बंद ट्रेलर आहे. आत दोन मोटारसायकली उभ्या राहणार आणि बोलेरोच्या मागं लागून शर्यतींना जाणार. आज कामाचा आठवा दिवस.

मेस्त्री पन्नाशीचे. शर्टाला ठिणग्यांची बारीक भोकं. तीस वर्षं ट्रॉल्या केल्या. अंगठा आणि तर्जनीत पट्टी धरून ती किती जाडीची ते सांगतात, सूतभरही चुकत नाहीत.

"ट्रॉली करताना एकच इचार असतो," ते म्हणतात. "कुठं मोडंल? मग तिथं पट्टी मारायची. हितं सगळं उलटं. कुठली पट्टी काढली तरी चालंल, त्ये बघायचं."

सकाळी ८.४०

चहा येतो. चार कप, चाळीस रुपये. वेल्डर चिकोडीकडचा, रोज नऊशे. हेल्पर शेजारच्या गावचा, रोज सहाशे. तिसरं पोरगं आयटीआय करून आलंय, शिकाऊ म्हणून चारशे. चौथा कप मेस्त्रींचा. त्यांना रोज नाही, उरेल ते त्यांचं.

हेल्परचे डोळे लाल आहेत. काल काच न लावता वेल्डिंगकडं बघत बसला. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचत होतं, आईनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या.

"आज वेल्डिंगच्या जवळ यायचं न्हाय," मेस्त्री सांगतात. "रिव्हेट मार."

चहा संपायच्या आत मेस्त्री टेप घेऊन पिंजऱ्याभोवती फिरतात. वरच्या चौकटीचा एक कर्ण मोजतात, मग दुसरा. आठ बाय पाचची चौकट काटकोनात असेल तर कर्ण नऊ फूट पाच इंच आणि वर दीड-दोन सूत भरतो. एक बरोबर आहे. दुसरा तीन सूत जास्त. ट्रॉलीला तीन सुतांचा फरक कुणी विचारत नाही, ऊस काय वाकडा-सरळ बघून बसत नाही. इथं शीट बसायची आहे. ते पिंजऱ्याच्या एका कोपऱ्याला साखळी लावतात, समोरच्या कोपऱ्यात अडकवतात, पान्यानं आवळतात. वेल्डर कोपऱ्यातले दोन जोड मोकळे करून पुन्हा भरतो. साखळी सोडली की पाइप थोडा मागं येतो. पुन्हा टेप. आता अर्धा सूत.

"चालंल," मेस्त्री म्हणतात.

सकाळी ९.३०

कोल्हापूरहून टेम्पो येतो. एसीपीच्या चार शीट, दहा फूट बाय चार फुटांच्या. चौरस फुटाला सत्तर रुपये, एक शीट २,८०० ला. टेम्पोचं भाडं सातशे.

एसीपी म्हणजे दुकानांच्या पाट्यांना लावतात ती शीट. दोन्हीकडं ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा, मधे प्लॅस्टिक. तीन मिलिमीटर जाडी. मेस्त्रींचा आधी विश्वास नव्हता. त्यांचं म्हणणं एक मिलिमीटरचा लोखंडी पत्रा मारावा. पण आठ बाय चारच्या तसल्या एका पत्र्याचं वजन २३ किलो भरतं. सगळा डबा त्यानं मढवला असता तर सव्वाशे किलो नुसता पत्राच झाला असता. एसीपीत ते निम्म्यावर येतं.

शिकाऊ पोरगं एक शीट मधोमध कापतं. पाच बाय चारचे दोन तुकडे. ते शेजारी शेजारी उभे लावले की आठ बाय पाचची एक बाजू. दुसरी शीट दुसऱ्या बाजूला. तिसरी छताला. चौथीचा एक तुकडा पुढच्या भिंतीला, एक मागच्या दाराला. तिथं फूटभर रुंदीच्या दोन पट्ट्या कमी पडतात, त्या शेडमधल्या जुन्या तुकड्यांतून निघतात. डब्याची उंची पाच फूट का ठेवली ते आता कळतं. सहा फूट ठेवली असती तर आत उभं राहता आलं असतं. पण शीट वाया गेली असती, आणि पुण्याच्या रस्त्यावर वारा आडवा लागला असता तो वेगळाच.

कापलेल्या तुकड्यांच्या कडा हातानं घासाव्या लागतात, ॲल्युमिनियमचा पापुद्रा बोट कापतो. पोरग्यानं हातमोजे मागितले होते. साठ रुपयांची जोडी कालच आलीय.

सकाळी १०.२०

गिऱ्हाईक येतो. तिशीच्या आतला. उद्यमनगरात दुचाकीचं गॅरेज आहे. बरोबर भाड्याची पिकअप, मागं दोरीनं बांधलेल्या दोन गाड्या. एक मातीच्या ट्रॅकवर पळणारी क्रॉसची, दुसरी एक्सपल्स. आजच्या फेरीचे पिकअपवाल्याला बाराशे द्यायचे आहेत.

शर्यती पुण्याला असतात, नाशिकला असतात. पुणं इथून सव्वादोनशे किलोमीटर, नाशिक त्याच्या दुपटीच्या आसपास. पिकअपवाला जाण्यायेण्याचे आणि मुक्कामाचे पैसे लावतो. रात्री गाड्या उघड्या हौद्यात, म्हणून एकानं जागं राहायचं. पावसात एअर फिल्टर भिजतो, चेनला गंज धरतो. म्हणून बंद ट्रेलर.

त्याच्याकडं एक वही आहे. ट्रेलरला जे जे लागलं, त्याचं वजन त्यात लिहिलंय. शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर प्रत्येक वस्तू मोजून. खालचा सांगाडा. वरचा पिंजरा. चाकं, हब, पाटे, ॲक्सल. प्लायवूड. दार. शेवटी बेरीज, ३९० किलो.

पहिल्या पानावर खोडलेला आकडा आहे. मेस्त्रींनी सुरुवातीला खालच्या सांगाड्याला १०० मिलिमीटरचा चॅनेल धरला होता, मीटरला साडेनऊ किलोचा. त्याऐवजी ५० बाय ५० चा, तीन मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप घेतला, मीटरला सव्वाचार किलोचा. माल १८ मीटर लागला. एवढ्या एका बदलात नव्वद किलोंच्या वर उतरले. तळाला तीन मिलिमीटरची चेकर्ड प्लेट टाकायची होती, ती शंभर किलोंना टेकली असती. तिथं बारा मिलिमीटरचं मरीन प्लाय आलं, तीस किलोंचं.

"ह्यो पोरगा मला रोज पातळ करायला लावतो," मेस्त्री म्हणतात.

सकाळी १०.५०

आजचं खरं काम हे. ट्रेलर तोलायचा.

ॲक्सलला धरणारे पाट्यांचे ब्रॅकेट अजून पक्के केलेले नाहीत, नुसते टाके मारलेत. एकेका ब्रॅकेटला चार-चार टाके. मुद्दाम तसंच ठेवलंय. आधी तोल बघायचा, मग पक्कं वेल्डिंग.

कापलेल्या शीट आत त्यांच्या त्यांच्या जागी तारेनं टांगतात. प्लाय अंथरतात. मागचं दार बिजागरीला लावून बंद करतात. ते दारच उघडलं की रॅम्प होतं, आतून ४० बाय ४० च्या पाइपची चौकट. एकट्या दाराचं वजन ४८ किलो, आणि ते सगळं अगदी मागच्या टोकाला.

मग गाड्या चढवायच्या. दोन्ही हँडल शेजारी शेजारी मावत नाहीत. एक ८०० मिलिमीटर, एक ८५०, आणि आतली रुंदी जेमतेम १,५००. म्हणून क्रॉसची गाडी तोंड पुढं करून आत जाते आणि एक्सपल्स उलटी, मागच्या चाकानं. तिघं ढकलतात, एक ब्रेक धरतो. प्रत्येकीचं पुढचं चाक पाइपच्या खोबणीत बसवतात. हँडलला रॅचेट पट्टे लावून खाली ओढतात, पुढचा शॉकॲब्झॉर्बर निम्मा दबेपर्यंत. पट्ट्यांच्या कड्या प्लायला लावलेल्या नाहीत, खालच्या लोखंडाला वेल्ड केल्यात. प्लायमधला स्क्रू पहिल्या खड्ड्यात उपटून येतो.

दोन गाड्या मिळून २६५ किलो. ट्रेलर धरून ६५५.

सकाळी ११.२०

चाकांना दगडं लावली. दांडीखाली लाकडाचे ठोकळे रचले. पट्टीवर पाणसळ ठेवून ट्रेलर आडवा सरळ केला. मग सगळ्यात वरच्या ठोकळ्यावर भंगारवाल्याचा काटा ठेवला आणि दांडीचं टोक काट्यावर.

लाल आकडे थोडे हलतात, मग थांबतात. ३१.

कुणी काही बोलत नाही. गिऱ्हाईक वहीत लिहितो.

ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी पुढच्या हुकावर बसला पाहिजे. पंधरा टक्क्यांपर्यंत चालतो. त्याहून जास्त झाला तर ओढणाऱ्या गाडीचं मागचं अंग दबतं आणि स्टिअरिंग हलकं होतं. कमी पडला तर ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो, आणि एकदा हलायला लागला की ब्रेक मारून उलट वाढतं. ६५५ चा दहावा हिस्सा साडेपासष्ट. इथं त्याच्या निम्मंही नाही.

मेस्त्रींना टक्केवारी लागत नाही. ते दांडी हातानं उचलतात आणि सोडतात.

"उलाळ हाय," ते म्हणतात. "बैलगाडीत मागं पोती जास्त भरली तर बैलाचं खांदं वर उचलायचं. त्येच झालंय."

"किती सरकवायचा मेस्त्री?"

मेस्त्री खडू घेतात. ॲक्सल आत्ता आहे तिथं खालच्या पाइपवर रेघ मारतात. तिथून मागं टेप धरतात. जरा थांबतात. आठ इंचांवर दुसरी रेघ.

गिऱ्हाईक फोनवर हिशेब मांडतो. दांडीच्या टोकापासून ॲक्सलचं अंतर, वजन, काट्यावर हवा तो आकडा. ॲक्सल मागं गेला की चाकांचं आणि हबचं वजनही मागं जातं, तेही धरतो. उत्तर पावणेआठ ते आठ इंच.

मेस्त्री काही बोलत नाहीत. दुसऱ्या बाजूलाही आठ इंचांवर रेघ मारतात.

सकाळी ११.४५

गाड्या उतरवल्या. शीट, प्लाय, सगळं बाहेर. एसीपीवर ठिणगी पडली तर डाग पडतो, प्लायवर पडली तर धूर. ओलं पोतं आणि पाण्याची बादली जवळ ठेवली.

पिंजरा जॅकवर उचलला. ग्राइंडरनं टाके कापायला सुरुवात. चार इंची कटिंग व्हील पंचवीस रुपयांना एक मिळतं. चार ब्रॅकेटांचे सोळा टाके कापायला दोन व्हील लागली. पक्कं वेल्डिंग झालेलं असतं तर अर्धा दिवस आणि डझनभर व्हील गेली असती, आणि पाइपही पातळ झाला असता.

वेल्डर खालून बघतो. ब्रॅकेट नव्या रेघेवर आणले. गुण्या लावला. दोन्ही चाकांचं दांडीच्या टोकापासूनचं अंतर सारखं आहे का ते दोरी लावून मोजलं. दोन सुतांचा फरक निघाला. तो काढला. एक चाक जरी तिरकं राहिलं तरी टायर एका बाजूनं खाणार, आणि असला टायर सांगलीच्या जुन्या बाजारात तीन हजारांच्या खाली नाही.

पुन्हा टाके. ब्रॅकेटला चारच.

दुपारी १२.४०

लाईट गेली. वेल्डिंग मशीनचा आवाज खाली जातो आणि शेडमध्ये एकदम रस्ता ऐकू यायला लागतो. एसटी. दुधाचा टँकर. हेल्पर हॅकसॉ घेऊन दाराच्या बिजागरीच्या पिना कापत बसतो. शिकाऊ पोरगं शीटच्या कडेला पेन्सिलनं रिव्हेटची खूण करतं, दर सहा इंचांवर एक. शिवणीला चार इंचांवर.

गिऱ्हाईक विचारतो, वेल्डिंगच्या जागी नटबोल्ट केले असते तर?

"किती किलो?" मेस्त्री विचारतात, आणि सगळे हसतात.

दुपारी १.१०

लाईट येते. सगळं पुन्हा आत. प्लाय, शीट, दार, गाड्या. ढकलणं, पट्टे, पाणसळ, ठोकळे. हेल्परचा घाम डोळ्यांत जातो आणि तो शिव्या घालतो. चाकांना दगडं. काटा.

६८.

वही निघते. दहा टक्क्यांच्या थोडं वर. शिवाय अवजारांची पेटी आणि पेट्रोलचा कॅन पुढच्या भिंतीला लागणार आहेत, ते वजन हुकाकडंच जाणार.

"सोडू नका," मेस्त्री वेल्डरला सांगतात. "भरून टाका."

पुन्हा सगळं बाहेर. वेल्डर दहा नंबरचा रॉड लावतो. एक ब्रॅकेट एकदम भरत नाही. इकडं इंचभर, तिकडं इंचभर, मग पलीकडच्या चाकाला. एका जागी सलग भरलं तर तीन मिलिमीटरचा पाइप तापून ओढला जातो आणि सकाळी काढलेला तिरकेपणा परत येतो. ट्रॉलीच्या जाड चॅनेलला ही भीती नसते. तिथं वेल्डर एका बैठकीत अख्खा रॉड संपवतो. इथं अर्ध्या रॉडला थांबतो, हात लावून बघतो, दुसरीकडं जातो.

दुपारी २.१५

जेवण. डबे. भाकरी, मटकीची आमटी, कांदा. वेल्डरच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी, ती सगळ्यांत फिरते. मेस्त्री घरी जात नाहीत, नव्या ट्रॉलीच्या सावलीत बसतात.

त्या ट्रॉलीबद्दल विचारलं की ते मोकळे बोलतात. एका ट्रॉलीला दीड टन लोखंड. मजुरी किलोवर. माल गिऱ्हाइकाचा असेल तर किलोला वीस रुपये. म्हणजे तीस हजार. तिघं मिळून सहा दिवसांत ट्रॉली उभी. जितकी पट्टी जास्त, तितका किलो जास्त, तितके पैसे जास्त.

"आणि ह्ये?"

"ह्येला लोखंड दीडशे-पंचावन किलो," मेस्त्री म्हणतात आणि भाकरीचा तुकडा मोडतात.

दुपारी २.५०

आता शीट बसवायच्या. हे हेल्परचं काम. आधी पाइपवर दोन्हीकडून चिकटणारी टेप, मग शीट, मग ड्रिल, मग पॉप रिव्हेट. हाताच्या रिव्हेटरनं तीनशेच्या वर रिव्हेट मारायच्या. शंभराव्या रिव्हेटनंतर तळहाताच्या मधोमध फोड येतो. तो पट्टी गुंडाळतो आणि डाव्या हातानं सुरू ठेवतो.

शिवणीवर ॲल्युमिनियमची पट्टी, खाली सिलिकॉनची रेघ. पोरगं सिलिकॉनच्या नळीचं तोंड तिरकं कापतं आणि बोट पाण्यात बुडवून रेघ दाबत जातं. एक नळी दोनशे रुपये. तीन लागतात. छताची शिवण सगळ्यात वाईट. तुकडे आडवे बसलेत, म्हणून शिवण रुंदीभर जाते, आणि पुढून येणारा पाऊस नेमका तिथंच आपटणार. तिथं दुहेरी रेघ. पट्टीच्या वरूनही एक.

दुपारी ४.२०

पाऊस येतो, पण थोडाच. मेस्त्रींना पुरत नाही. ते बोअरचा पाइप आणायला सांगतात. शिकाऊ पोरगं दार लावून आत उकिडवं बसतं, हातात मोबाईलची बॅटरी. बाहेरून छतावर पाणी.

"काय?"

"काय न्हाय."

"पुढच्या भिंतीवर मार."

"हितं येतंय. डाव्या कोपऱ्यात. थेंब थेंब."

खडूची खूण. कोपऱ्यातली एक रिव्हेट तिरकी बसलीय, शीट पाइपला टेकलेलीच नाही. ती ड्रिलनं काढून एक नंबर मोठी मारली. भोवती सिलिकॉन. पुन्हा पाणी.

"आता न्हाय."

खाली तळाला मात्र मेस्त्री दोन भोकं ठेवतात, अर्ध्या इंचाची. पाणी आत येऊ नये म्हणून एवढी खटपट करून वर भोकं का, असं गिऱ्हाईक विचारतो. मेस्त्री त्याच्या चिखलानं भरलेल्या गाडीकडं बोट दाखवतात. शर्यतीनंतर धुतलेली गाडी आत चढवली की तिचं पाणी बाहेर जायला वाट हवी. भिंतींना वर एकेक जाळीची खिडकीही ठेवलीय, तळव्याएवढी. आत पेट्रोल आहे, वास कोंडून चालणार नाही.

संध्याकाळी ५.१०

वायरमन येतो. स्प्लेंडरवर, डिकीत मीटर आणि वायरचं भेंडोळं. आठशे रुपये ठरलेत. मागचे लाल दिवे, ब्रेक लाइट, दोन इंडिकेटर, नंबरप्लेटवरचा दिवा. सात पिनचा प्लग, तो बोलेरोच्या मागच्या सॉकेटमध्ये जाणार. मागं लाल चकचकती पट्टी, पुढं पांढरी.

डावा इंडिकेटर लावला की दोन्ही मिणमिणतात. ब्रेक दाबला की डावा पेटतो. पोरगं म्हणतं, वायर उलटी लागली. वायरमन मान हलवतो. मीटर काढत नाही, स्क्रूड्रायव्हर काढतो. अर्थिंगचा स्क्रू रेड ऑक्साइडवरच आवळलाय, लोखंडापर्यंत पोचलेलाच नाही. तो रंग खरवडतो, लोखंड पांढरं पडतं, स्क्रू परत लावतो. आता डावा डावाच पेटतो.

नंबरप्लेटची जागा मोकळी आहे. ट्रेलर हे वेगळं वाहन. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं त्याची नोंदणी वेगळी करावी लागते. ट्रेलरचा नंबर ओढणाऱ्या गाडीच्या बाजूला लिहायचा, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागं दिसला पाहिजे. कलम ६१. ट्रॉल्या करणाऱ्याला हे पाठ असतं.

"नंबर पडल्याशिवाय हायवेला लावायची न्हाय," मेस्त्री गिऱ्हाइकाला म्हणतात. "मी बांधून दिलं म्हणून पोलीस माझ्याकडं येत्यात."

"न्हाय मेस्त्री. आराखडा दाखवलाय. तपासणी झाल्याशिवाय न्हाय."

संध्याकाळी ६.००

पुढचं कपलिंग. मेस्त्रींना ट्रॅक्टरची पिन माहीत आहे. दांडीला भोक, हुकाला भोक, वरून पिन. साधी, मजबूत, पण खडखडते. गिऱ्हाइकानं ५० मिलिमीटरच्या गोळ्यावर बसणारं कपलिंग आणलंय, साडेतीन हजारांचं. ते दांडीच्या टोकाला चार बोल्टांनी बसतं. मेस्त्री बोल्ट आवळतात, मग त्याच्या बाजूला दोन कड्या वेल्ड करायला लावतात. त्यांतून साखळ्या जाणार, एकमेकींना फुली मारून, दांडीच्या खालून. कपलिंग सुटलंच तर दांडी रस्त्यात रुतायच्या आत साखळीवर झेलली जाते.

ह्या एका जागी मेस्त्री वजनाचं ऐकत नाहीत. साखळी आठ मिलिमीटरची, ट्रॉलीचीच.

"किलो वाढला," गिऱ्हाईक म्हणतो.

"वाढू दे."

संध्याकाळी ६.४०

शेवटचं काम दाराचं. दार खाली टेकवून उघडलं की पाच फुटांचा रॅम्प. तळ जमिनीपासून दीड फुटावर, म्हणजे चढ फार नाही. पण ओल्या प्लायवर चिखलाचे टायर घसरतात. पोरगं प्लायला काळ्या रंगाचा जाड हात मारतं. रंग ओला असतानाच मेस्त्री चाळलेली वाळू मुठीनं पेरतात. वाळल्यावर वरून रंगाचा अजून एक हात. बाजारात मिळणाऱ्या खरखरीत पट्टीला बाराशे रुपये पडले असते. वाळू ट्रॉलीच्या मागं पडलेलीच होती.

रात्रभर वाळलं पाहिजे. उद्या बाहेरून पांढरा रंग, मग सोपवायचं.

संध्याकाळी ७.१०

पगार. वेल्डर नऊशे, हेल्पर सहाशे, पोरगं चारशे. हेल्पर अजून हजार मागतो, गणपती जवळ आलेत. मेस्त्री पाचशे देतात आणि पाठीमागच्या पत्र्यावर खडूनं लिहितात. तिथं आधीच तीन ओळी आहेत.

गिऱ्हाईक वही मिटतो. मालाला साठ-एकसष्ट हजार गेले. लोखंड साडेदहा, शीट अकराच्या वर, प्लाय साडेसहाच्या आसपास, चाकं आणि ॲक्सल सोळा, कपलिंग, चाक-टेकू आणि साखळी पाच, बाकी दिवे, पट्टे, कड्या, रंग, रिव्हेट, सिलिकॉन, रबर. मजुरी ठोक पंचेचाळीस हजार ठरली होती. त्यातले वीस आधी दिलेत, दहा आज, बाकी उद्या.

तो गेल्यावर मेस्त्री हिशेब मांडतात, तोंडानंच. उद्याचा धरून नऊ दिवस. तिघांचे रोज १,९०० प्रमाणे १७,१००. रॉड, व्हील, लाईट मिळून सहा हजार. शेडचं भाडं महिन्याला नऊ, त्यातले सत्तावीसशे. हातात उरले एकोणीस हजारांच्या वर थोडे. दिवसाला एकवीसशे.

ट्रॉलीत तीस हजार मजुरी. सहा दिवसांचे रोज ११,४००. रॉड जास्त जातात, पाच हजार धरा. भाडं अठराशे. उरले पावणेबारा-बारा. दिवसाला दोन हजाराला थोडे कमी.

म्हणजे जवळजवळ सारखंच. फक्त ट्रॉलीत डोकं लागत नाही, आणि ह्याच्यात रोज संध्याकाळी डोकं दुखतं. आणि हेच काम किलोवर घेतलं असतं तर १५५ किलोंचे वीस रुपयांनी ३,१००. तिघांचा दोन दिवसांचा पगारही निघाला नसता.

गिऱ्हाइकाच्या ओळखीतल्या आणखी एकानं फोन केला होता, त्याला तीन गाड्यांचा ट्रेलर हवाय. मेस्त्रींनी अजून होकार दिलेला नाही. पण भाव ठरवून ठेवलाय. किलोवर नाही करायचं. ठोक. आणि तीन गाड्यांचं असेल तर साठच्या खाली हात लावायचा नाही.

शटर खाली येतं. उद्या आठला.